मागे घेण्याची विद्या
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रतिवर्षी ह्या व्यासपीठावरून एखाद्या विद्वान गृहस्थाचे व्याख्यान व्हावे असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा तो मान चिटणिसांनी आमच्यासारख्या एका निवृत्त शिक्षकास दिला, ह्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संतवाङ्मय, इतिहास, अर्थशास्त्र ह्या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या प्रांतात शिरण्याचे धाडस आम्ही करणार नाही. म्हणून ज्या विषयावर येथे आजवर बहुधा कोणी बोललेले नाही, असा एक विषय आम्ही निवडला आहे. पुढे ओढणारे एंजिन व मागे जोडलेला ट्रेलर अशी जी जोडगाडी असते, ती मागे कशी घ्यावी आणि ती विद्या नवशिक्या मनुष्य कशी शिकतो, हा तो विषय होय.

विषय ऐकून मागच्या रांगेतील तरुण मंडळी हसली, ते आमच्या लक्षात आले आहे. हसावे, त्यास आमची हरकत नाही. परंतु थोड्या वेळापूर्वी ह्याच मंचावर गुणवंत मुलामुलींचा सत्कार झाला, त्या यादीची आठवण आम्ही करून देतो. दहावी, बारावी, पदविका, पदवी अशा क्रमाने नावे वाचली गेली. सर्वांना आमचा आशीर्वाद आहे. मात्र ह्या सभागृहात आज अशी कितीतरी कुटुंबे बसलेली आहेत, की ज्यांचा चरितार्थ अवजड वाहने हाकणाऱ्या मुलांच्या कमाईवर चालतो. त्या मुलांपैकी एकाचेही नाव आजच्या यादीत नव्हते. त्यांनी जे शिकले ते शिक्षण नव्हे, असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे. ते शिक्षण आहे किंवा नाही, हे ते काय असते हे समजून घेतल्यावरच ठरवावे, एवढीच आमची विनंती आहे.

प्रथम एका जुन्या गोष्टीपासून आरंभ करू. आपल्यातील वडीलधाऱ्यांनी बैलगाडी हाकलेली आहे. पुढे जाताना गाडीस फारसे शहाणपण लागत नाही. बैल जिकडे जातील तिकडे गाडी मागोमाग येते. परंतु गाडी मागे सारून गोठ्याच्या भिंतीला लावावयाची असली, म्हणजे घरातील जाणता मनुष्य पुढे होत असे. गाडीचे बूड उजवीकडे जावे असे वाटत असेल तर जू डावीकडे रेटावे लागते, आणि बूड डावीकडे न्यावयाचे तर जू उजवीकडे. हा नियम कोणी पुस्तकात वाचला नव्हता. तो हातांना ठाऊक होता. आज न्हावा-शेवा बंदरात चाळीस फुटी पेटी मागे घेणारा चालक हाच नियम पाळतो. फरक इतकाच, की बैलांच्या जागी एंजिन आले आणि जुवाच्या जागी लोखंडी खीळ आली.

ही जोडगाडी निर्माण कशी झाली, हेही थोडक्यात सांगण्याजोगे आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी ऑगस्ट फ्रूहॉफ नावाचा एक लोहार होता. १९१४ साली एका लाकडाच्या व्यापाऱ्याने त्याला आपली नाव दूरच्या सरोवरापर्यंत नेण्याची सोय करावयास सांगितली. लोहाराने फोर्ड मोटारीच्या मागे जोडता येईल असा एक गाडा बनवून दिला. पुढे त्याच व्यापाऱ्याने लाकूड वाहण्यासाठी तसेच गाडे करवून घेतले, आणि त्यांतून एक मोठा कारखाना उभा राहिला. दुसरा पुरुष माल्कम मॅक्लीन. ह्याने १९३४ साली मालमोटारीच्या धंद्यास आरंभ केला. गाडीतील माल एकेक नग करून जहाजावर चढविण्यापेक्षा गाडीची पेटीच उचलून जहाजावर ठेवावी, ही त्याची कल्पना. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज अशा ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून ह्यूस्टनकडे निघाले. जगाच्या व्यापाराचे रूप त्या पेटीने पालटले. आपल्याकडे उरणच्या परिसरात न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, आणि तेव्हापासून पनवेल, उरण, जासई ह्या बाजूस ट्रेलरांची रांग खंडलेली नाही. एक लोहार व एक मालमोटारवाला ह्यांच्या डोक्यातून निघालेली ही वस्तू आहे, हे आपण कारागिरीस व श्रमास कमी लेखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता गाडीची रचना पाहू. पुढच्या एंजिनाच्या भागाला आपले चालक ‘घोडा’ म्हणतात. घोड्याच्या पाठीवर एक जाड, खाचेची लोखंडी तबकडी असते, तिला पाचवे चाक असे नाव आहे. ट्रेलरच्या पोटाखाली पुढच्या बाजूस एक खीळ असते, ती किंगपिन. घोडा मागे सरकत ट्रेलरखाली शिरतो, खीळ खाचेत बसते, कुलूप लागते आणि दोन गाड्यांची एक गाडी होते. परंतु ती एक झाली तरी मधोमध वाकणारी राहते. सगळी गोम ह्या वाकण्यात आहे.

गाडी पुढे चालली असता ट्रेलर ओढला जातो. थोडा वाकडा असला तरी ओढीने आपोआप सरळ होतो. मागे घेताना ह्याच्या नेमके उलट घडते. तेथे ट्रेलर ढकलला जातो, आणि ढकललेली वस्तू जेवढी वाकडी असेल तेवढी अधिकच वाकडी होत जाते. तळहातावर काठी उभी धरून तोल सांभाळण्याचा खेळ आपण लहानपणी सर्वांनी केला आहे. काठी जरा कलली की लगेच हात त्याच बाजूस न्यावा लागतो. उशीर झाला तर काठी पडलीच. ट्रेलर मागे घेणे म्हणजे अशीच एक आडवी काठी सांभाळणे होय.

गणिताचा शिक्षक ह्या नात्याने एक हिशेब सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. समजा, घोडा अगदी सरळ रेषेत मागे चालला आहे आणि ट्रेलर त्याच्याशी केवळ २ अंश वाकडा आहे. ट्रेलरची किंगपिनपासून मागच्या चाकांपर्यंतची लांबी ९ मीटर धरली, तर हा वाकडेपणा दुप्पट व्हायला साधारण ६ मीटर अंतर लागते. आता शेतावरची दुचाकी ट्रॉली घ्या. तिची हुकापासून चाकांपर्यंतची लांबी ३ मीटर धरली, तर वाकडेपणा दर २ मीटरला दुप्पट होतो. म्हणजे सुमारे १० मीटर मागे येईपर्यंत मोठा ट्रेलर जेमतेम ६ अंशांच्या थोडा वर जाईल. लहान ट्रॉली मात्र ६० अंशांच्या आसपास पोहोचून ट्रॅक्टरच्या चाकाला भिडू पाहील. लोकांना वाटते, गाडी जितकी लांब तितकी मागे घेण्यास कठीण. अनुभव असा, की लांब गाडी सावकाश बिघडते व चालकाला विचार करण्यास वेळ देते. आखूड गाडी तेवढा वेळ देत नाही.

घोडा आणि ट्रेलर ह्यांच्यातील कोन फार वाढला, म्हणजे गाडीची चाकूसारखी घडी होते. मग चक्र कितीही फिरविले तरी मागे जाता जाता ती सुधारत नाही. तसेच रेटले तर केबिन, हवेच्या नळ्या, टाक्या ह्यांची मोडतोड होते. अशा वेळी एकच उपाय असतो: थांबावे, पुढे जावे, गाडी सरळ करावी आणि पुन्हा आरंभ करावा.

आता हे शिकतात कसे? आमचा एक जुना विद्यार्थी आज बंदरावर ट्रेलर चालवितो. त्याचे नाव येथे सांगत नाही, कारण त्याने तशी परवानगी दिलेली नाही. शाळेत त्याला भूमितीत कधी पस्तीसच्या वर गुण मिळाले नाहीत. मॅट्रिकला दोनदा बसला व दोनदा राहिला. त्यानंतर तो एका वयस्क चालकाच्या हाताखाली क्लीनर म्हणून लागला. ह्या धंद्यात गुरूला ‘उस्ताद’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी आम्ही पनवेलला भाच्याकडे गेलो असता हा विद्यार्थी भेटावयास आला आणि आपल्या शिकवणीची हकीकत त्याने आम्हांस दोन संध्याकाळ बसून सांगितली. ती आम्ही वहीत टिपून घेतली. आज जे सांगत आहोत त्यातील बरेचसे त्या वहीतले आहे.

पहिला महिनाभर उस्तादाने त्याला चक्रास हात लावू दिला नाही. गाडी मागे घेताना खाली उभे राहून फक्त पाहावयाचे: घोड्याची चाके कोठे वळली, ट्रेलर किती अंतराने वळू लागला, चाके सरळ केल्यावर काय झाले. त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी, मोकळ्या मैदानावर, रिकाम्या ट्रेलरवर धडे सुरू झाले. पहिला धडा सरळ मागे येण्याचा. जमिनीवर चुन्याच्या दोन रेघा, आणि त्यांच्यामधून शंभर फूट मागे यावयाचे. ऐकावयास सोपे, पण हाच धडा सर्वांत अधिक दिवस चालला. उस्तादाने त्याला सांगितले, की चक्राच्या अगदी खालच्या बाजूस हात धर. ट्रेलरचे बूड ज्या बाजूस जावे असे वाटते त्या बाजूस हात ने. चक्राच्या वरच्या बाजूस हात धरला तर सगळे उलटे वाटते. खालून धरला तर उलट्याचे सुलटे होते. इतकी साधी युक्ती. परंतु नवशिक्याचा निम्मा गोंधळ ह्याने जातो. आम्ही तीस वर्षे वर्गात शिकविले, तरी मुलाचा गोंधळ एवढ्या थोडक्यात दूर करणारे वाक्य आम्हांस क्वचितच सुचले असेल.

दुसरी गोष्ट आरशाची. ज्या आरशात ट्रेलर अधिक दिसू लागला, त्या बाजूस तो सरकला असे समजावे व त्याच आरशाच्या दिशेने चक्र किंचित फिरवावे. फिरविणे थोडे, पण लवकर. नवशिका मनुष्य आधी वाट पाहतो, मग घाबरतो, मग चक्र भरपूर फिरवितो. ट्रेलर तत्काळ उत्तर देत नाही, म्हणून तो आणखी फिरवितो. तेवढ्यात आधीच्या फिरविण्याचे फळ दिसू लागते, आणि गाडी दुसऱ्या बाजूस धावते. ह्यास उस्ताद म्हणे, ‘गाडीशी भांडू नको. थोडं सांग आणि तिचं ऐक.’

तिसरा धडा वळून मागे शिरण्याचा. बंदराबाहेरच्या गोदामांत दोन उभ्या ट्रेलरांच्या मधल्या अरुंद जागेत गाडी मागून घालावी लागते. आधी पुढे जाऊन जागा साधावी लागते, आणि पुष्कळसे काम ह्या पुढे जाण्यातच होऊन जाते; आरंभ चुकीच्या ठिकाणी झाला तर पुढचे कौशल्य उपयोगी पडत नाही. मग चक्र उलटे फिरवून ट्रेलरला वळण द्यावयाचे. वळण लागले की लगेच चक्र परत फिरवून घोड्याला ट्रेलरच्या मागोमाग आणावयाचे. म्हणजे आधी ट्रेलरला वाकवावे आणि मग स्वतः त्याच्या मार्गाने जावे. आपल्याकडे चालक उजव्या बाजूस बसतो, म्हणून उजवीकडे वळून मागे येणे सोपे. खिडकीतून मान बाहेर काढली की ट्रेलरचे मागचे टोक दिसते. डावीकडे घेताना ते टोक दृष्टीआड होते आणि केवळ आरशावर व खाली उभ्या असलेल्या साथीदारावर भिस्त राहते. अमेरिकेत चालक डाव्या बाजूस बसत असल्यामुळे तेथील विद्यार्थ्याची सोपी व अवघड बाजू ह्याच्या नेमकी उलट असते.

त्या देशात ही विद्या रीतसर शाळांतून शिकवितात. सरळ मागे येणे, मागे येता येता शेजारच्या पट्ट्यात सरकणे, आणि काटकोनात वळून धक्क्याला लागणे असे धडे तेथे मैदानावर शंकू मांडून घोटून घेतात. ७ फेब्रुवारी २०२२ पासून तर नव्या चालकाने नोंदलेल्या शिक्षणसंस्थेत ठरलेला अभ्यासक्रम पुरा केल्याखेरीज त्यास जोडगाडीच्या परवान्याची चाचणी देता येत नाही. ह्या चाचणीत खाली उतरून मागे पाहून येण्याची ठरावीक मर्यादेत मुभा आहे. उतरून पाहणे हा अडाणीपणा नसून कामाचाच भाग आहे, हे तेथील परीक्षकांनी मान्य केलेले आहे.

आपल्या विद्यार्थ्याच्या उस्तादाने ही गोष्ट परीक्षेवाचूनच शिकविली होती. त्याचा दंडक असा, की मागे घेण्यापूर्वी खाली उतरावे, गाडीभोवती एक फेरी मारावी, वर तारा, खाली खड्डा, मागे माणूस, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि मगच चढावे. मध्ये शंका आली तर पुन्हा उतरावे. मागे हॉर्न वाजविणाऱ्यांची रांग लागली तरी उतरावे. दहा वेळा उतरलास तर दहा जण हसतील, एकदा उतरला नाहीस तर एक जण रडेल, असे तो म्हणे.

आता ह्या दंडकाचे मोल काय, ते सांगतो. आमचा विद्यार्थी एका हंगामात गावी आला होता. चुलत्याचा ट्रॅक्टर ऊस वाहत होता आणि चालक आजारी पडला, म्हणून हा बसला. पहाटेची वेळ, फडात अंधार, ट्रॉली मागे घेऊन मोळ्यांच्या ढिगाला लावावयाची होती. मजुरांनी ‘येऊ द्या, येऊ द्या’ असा पुकारा सुरू केला. जागा मोकळी आहे असेच सगळे सांगत होते. तरीही हा सवयीने खाली उतरला व मागे गेला. ट्रॉलीच्या चाकापासून चार हातांवर पाचटावर गोधडी टाकलेली होती आणि तिच्यात तोडणी मजुराचे तीन वर्षांचे पोर झोपले होते. आई पलीकडच्या सरीत मोळ्या बांधीत होती. त्याने पोर उचलून आईजवळ दिले, ट्रॉली लावली आणि भरणी सुरू झाली. ही हकीकत सांगताना तो म्हणाला, ‘गुरुजी, त्या दिवशी मला कोणी शाबासकी दिली नाही, कारण काही घडलंच नव्हतं.’

बंधूंनो, काहीच घडले नाही, ह्यातच ह्या विद्येचे सगळे यश आहे. तिचे प्रमाणपत्र कोणास दाखविता येत नाही.

ट्रॉलीचा विषय निघाला म्हणून ग्रामीण भागातील आपल्या कुटुंबांकरिता थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. दुचाकी ट्रॉली एका जागी वाकते. चारचाकी ट्रॉली, जिची पुढची चाके दांडीबरोबर वळतात, ती दोन जागी वाकते: एकदा हुकापाशी व एकदा पुढच्या आसापाशी. तेथे नियम पुन्हा उलटतो. बूड उजवीकडे न्यावयाचे तर चक्रही उजवीकडेच फिरवावे लागते. जो दुचाकीवर शिकला तो चारचाकीवर प्रथम फसतो, ह्याचे कारण हे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ह्या भागांत हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लावतात. त्या दोन्ही एकदम मागे घेण्याच्या भरीस शहाणा चालक पडत नाही. मागची सोडून ठेवतो आणि एकेक लावतो. त्यास लागणारी दहा मिनिटे ज्यांना अधिक वाटतात, त्यांनी मोडलेल्या दांडीचा व फुटलेल्या चाकाचा खर्च आठवावा.

आणि मागे घेताना इशारा देणारा मनुष्य एकच असावा. चौघे ओरडू लागले म्हणजे चालकाला एकाचेही ऐकू येत नाही. इशारा देणाऱ्याने चालकाला आरशात दिसेल अशाच जागी उभे राहावे. गाडी आणि भिंत ह्यांच्यामध्ये तर कधीच उभे राहू नये. तो आरशातून दिसेनासा झाला, की चालकाने त्या क्षणी गाडी थांबवावी. घरातील भगिनींना आमचे विशेष सांगणे आहे, की अंगणात ट्रॉली मागे येत असताना लहान मुले जवळ घेऊन ओट्यावर उभे राहावे आणि सगळी मुले आपल्याजवळ आहेत असे चालकाला मोठ्याने सांगावे. एवढ्याने गाडी हाकणाऱ्याच्या डोक्यावरचे अर्धे ओझे उतरते.

येथे कायद्याचाही उल्लेख केला पाहिजे, कारण आपल्या घरांतून त्याकडे कानाडोळा होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलाने सार्वजनिक रस्त्यावर ट्रॅक्टर चालविणे निषिद्ध आहे, आणि मालवाहू वा प्रवासी वाहतुकीच्या वाहनासाठी वयाची २० वर्षे पुरी व्हावी लागतात. वाहतूक वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जवळ असावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालकास अथवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. चौदा वर्षांचे पोर ट्रॅक्टर चालविते ह्याचे आपण पाहुण्यांपुढे कौतुक करतो. पोराच्या पायाला क्लच पुरतो की नाही, हेही कित्येकदा पाहिलेले नसते. ते कौतुक ह्यापुढे बंद व्हावे. त्याच २०१९ साली वाहतूक परवान्यासाठी असलेली आठवी उत्तीर्ण होण्याची अट काढून टाकण्यात आली. त्यामुळे हा धंदा शाळा सुटलेल्या अनेक तरुणांना मोकळा झाला आहे. आणि म्हणूनच त्यांना नीट शिकविण्याची जबाबदारी पूर्वीपेक्षा अधिक वाढली आहे.

कारण आपल्याकडे बहुसंख्य मुले ही विद्या अजून क्लीनरकी करीत, उस्तादाच्या मर्जीवर शिकतात. ज्याला चांगला उस्ताद भेटला तो तरला. ज्याला शिवीगाळ करणारा भेटला, तो भीतीने शिकतो, आणि भीतीने शिकलेला मनुष्य खाली उतरून पाहण्यास लाजतो. आपल्या मुलाला कोणता उस्ताद मिळेल, हे केवळ नशिबावर सोडणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

शिक्षक ह्या नात्याने आम्हांस ह्या विद्येत तीन गोष्टी फार मोलाच्या दिसल्या. पहिली, थोडी सुधारणा वेळेवर करावी. मोठी सुधारणा उशिरा करण्याची पाळी आणू नये. दुसरी, जमत नाही असे दिसताच पुढे जाऊन गाडी सरळ करावी व नव्याने आरंभ करावा. त्यात मानहानी मानू नये. तिसरी, दिसत नसेल तर उतरून पाहावे. मॅट्रिकला दोनदा राहिलेल्या मुलाने ह्या तीन गोष्टी हाडीमाशी खिळविल्या. भूमितीच्या कागदावर ज्याला कोन मोजता आला नाही, तो आज आरशात पाहून कोन ओळखतो आणि चाळीस फुटी पेटी दोन्ही बाजूंना हातभर जागा ठेवून धक्क्याला लावतो. परीक्षेने त्याला अनुत्तीर्ण ठरविले, त्याची बुद्धी मात्र त्या निकालात मोजली गेली नव्हती.

आता मंडळापुढे तीन सूचना मांडून आम्ही आपला निरोप घेतो.

एक: मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी निदान दोन तरुणांना अवजड वाहनाच्या रीतसर प्रशिक्षणासाठी साहाय्य द्यावे. महाविद्यालयाची फी भरणारा निधी प्रशिक्षणाची फी भरण्यास अपुरा पडणार नाही.

दोन: पुढील वर्षापासून गुणगौरवाच्या यादीत अपघाताविना दहा वर्षे गाडी चालविणाऱ्या ज्ञातिबांधवांची नावे घ्यावीत. त्यांच्या मातापित्यांना व पत्नींना ह्या सभागृहात पुढच्या रांगेत बसवावे. रात्री-अपरात्री दाराकडे कान लावून बसण्याचा भाग त्यांच्या वाट्याला आलेला आहे.

तीन: वधूवर सूचक नोंदवहीत अशा मुलांचा व्यवसाय ‘खाजगी नोकरी’ असा मोघम लिहिण्याची जी प्रथा पडली आहे, ती मोडावी. ‘ट्रेलरचालक’ असे स्पष्ट लिहावे. मुलगी देणाऱ्यांनी मुलाचे व्यसन, स्वभाव, कमाई ह्यांची चौकशी अवश्य करावी, ती प्रत्येक धंद्यातल्या मुलाची करावयाचीच असते. परंतु धंद्याचे नाव ऐकताच वही मिटू नये. आमच्या त्या विद्यार्थ्याचे लग्न ह्या एका शब्दापायी चार ठिकाणी फिसकटले. आज त्याचे वय चौतीस आहे आणि तो अजून अविवाहित आहे. त्याच्या आईने ह्या संमेलनास येण्याचे गेल्या तीन वर्षांपासून सोडले आहे. ती माउली पुढच्या वर्षी येथे यावी, अशी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.

अध्यक्षमहाराजांनी ठरवून दिलेला वेळ संपत आला.  ह्या सूचनांवर कार्यकारी मंडळाने येत्या सभेत विचार करावा, अशी पुन्हा एकवार विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.